दहीभात खाल्लेली सळई

आमच्या यवतमाळात काहीही नवं सुरू व्हायचं असलं की सगळ्यात आधी पाटी तयार होते. काम मागून येतं, कधी कधी येतच नाही, पण पाटी मात्र वेळेवर येते. कॉलेजातलं नवउद्योग केंद्रही असंच आलं. जुन्या ड्रॉइंग हॉलच्या दारावर निळी पाटी लागली, तिच्यावर पेटलेल्या बल्बचं चित्र. फीत कापली, नारळ फुटला, पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी स्टाफ मीटिंगमध्ये प्रश्न निघाला, की हे सांभाळणार कोण? सगळ्यांनी झटकन माना खाली घातल्या. मी नेमकी चष्मा पुसत होते, मला उशीर झाला. मी पहिल्या वर्षाला फिजिक्स शिकवणारी बाई. उद्योगाशी माझा संबंध उन्हाळ्यात गच्चीवर पापड आणि सरगुंडे घालण्यापुरता. पण केंद्र गळ्यात पडलं ते पडलंच.

तरी एक राग माझ्या पोटात आधीपासून होता, तो सांगायला हवा. दारव्ह्याची, उमरखेडची, थेट झरी जामणीच्या जंगलपट्ट्यातली पोरं आमच्याकडे येतात. पहिल्या वर्षी वर्गात उभं राहायलाही लाजतात. चौथ्या वर्षापर्यंत चांगली खणखणीत तयार होतात, आणि तयार झाली रे झाली की ट्रॅव्हल्समध्ये बसून पुण्याला जातात. माझा स्वतःचा मुलगाही त्यातलाच. पोरांनी पोटापाण्याला जावं, त्याचं वाईट वाटून घेण्यात अर्थ नाही, हे मलाही कळतं. पण आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, असंच आमचं चाललं होतं. पुणेकरांनी राग मानू नये, म्हणीतलं जनावर मी निवडलेलं नाही.

पहिलं वर्ष भाषणांत गेलं. बाहेरून कोणीतरी यायचं, पडद्यावर मोठमोठ्या कंपन्यांची चित्रं दाखवायचं आणि 'स्वप्नं बघा' असं सांगून संध्याकाळच्या आत नागपूर गाठायचं. मग एक स्पर्धा झाली. तीत निम्म्या मुलांनी स्मार्ट कचराकुंडी केली. झाकण उघडलं की ती 'धन्यवाद' म्हणायची. बक्षीस समारंभ झाल्यावर त्या कुंड्या कुठे गेल्या, देव जाणे. हॉलमधली उंच टेबलं तशीच धूळ खात उभी राहिली आणि परीक्षा विभागाचा त्या हॉलवर डोळा आहे, हे मला जो तो येऊन सांगायला लागला.

मग एका दुपारी ती आली.

पुसदकडच्या एका तांड्यावरची मुलगी. आमच्याच कॉलेजातून इलेक्ट्रॉनिक्स करून पुण्याला गेलेली. तिच्या पणज्याच्या वेळेपर्यंत त्यांच्या लोकांनी बैलांच्या पाठीवरून देशभर मीठ-धान्य वाहिलं, नंतर तांडा एका जागी बसला आणि शेती करायला लागला. हे तिनेच मला एकदा सांगितलं होतं, प्रॅक्टिकलच्या तासाला, विचारलेलं नसताना. वर्गात ती पहिल्या बाकावर बसायची आणि प्रश्न मात्र शेवटच्या बाकावरच्यासारखे विचारायची. आता ती दारात उभी राहिली, आत टेबलांवर एक नजर टाकली आणि ना नमस्कार ना चमत्कार, सरळ म्हणाली, "मॅडम, इथं दिवसभर लाइट राहते काय?"

"राहते. गेली तर इन्व्हर्टर आहे. इन्व्हर्टर गेला तर मी शिपायाला ओरडते."

"मग मी इथं बसू काय?"

आमच्या नवउद्योग केंद्राचं खरं उद्घाटन मी हेच धरते. तिने पुण्याची नोकरी सोडली होती, स्वतःचं काहीतरी करायचं म्हणून. तांड्यावर दुपारची वीज म्हणजे नशिबाचा भाग. तापलेलं सोल्डरिंग आयर्न ऐन जोडावर टेकवावं आणि लाइट जावी, असं रोज व्हायचं. तिला स्वप्नं कोणी दाखवायला नको होती, ती तिच्याजवळ भरपूर होती. तिला एक टेबल, एक प्लग आणि कोणी 'काय करून राह्यली वं?' असं सारखं विचारणार नाही अशी जागा हवी होती.

काही दिवसांनी तिचा भागीदार आला. तो बोरी अरबचा. डिप्लोमा करून गावात मोटारपंपाचे स्टार्टर दुरुस्त करायचा. घरी कापूस, सोयाबीन, तूर. दोघांची ओळख कशी झाली, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर दोघांनीही मला वेड्यात काढलं असतं. त्यांचं एकमेकांशी बोलणं म्हणजे नुसता वाद असायचा, आणि तोही सर्किटवरून.

त्यांना करायची होती ती गोष्ट समजायला सोपी आहे. कापूस ओला असला की भाव तुटतो. बाजारात कापसाची बैलबंडी उभी राहिली की घेणारा तिच्यात हात खुपसतो, मूठभर कापूस दाबून बघतो आणि तोंड वाकडं करतो, "ओला हाये." झालं. तिथून परत नेणार कुठे? घरून निघण्याआधीच कळलं असतं, तर दोन उन्हं देऊन आणला असता. म्हणून या दोघांना एक सळई करायची होती. गंजीत खुपसायची आणि आतला कापूस किती ओला आहे ते मुठीजवळच्या छोट्या पडद्यावर वाचायचं. सळईच्या टोकाला पितळेच्या दोन कड्या, मध्ये वीज न वाहणारं एक कडं. कापसात ओल जास्त असली की एका पितळेतून दुसऱ्याकडे वीज जास्त वाहते. फिजिक्स एवढंच, पहिल्या वर्षाचं.

पण एवढ्याशा गोष्टीला गावातलं काय काय लागलं, ते बघून मी चकित झाले. पितळेच्या कड्या लोहाऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याने काढून दिल्या. आधी म्हणाला, असली भातुकलीची कामं मी करत नाही, आणि मग मुलगी परत गेली तेव्हा त्याने न सांगताच दुसरी, जास्त चांगली जोडी करून ठेवली होती. बारीक जोड बघायला भिंग हवं होतं, ते मोबाइल दुरुस्तीवाल्याने दुपारच्या वेळेपुरतं वापरू दिलं. यंत्र खरं सांगतं की खोटं, हे तपासायला कापूस भट्टीत वाळवून त्याचं आधीचं-नंतरचं वजन घ्यावं लागायचं. ती भट्टी आमच्या केमिस्ट्रीच्या बाईंकडे. त्या द्यायला अजिबात तयार नव्हत्या. "माझ्या ओव्हनमध्ये कापूस? आग लावता का?" असं म्हणाल्या. तिसऱ्या दिवसापासून त्याच मधल्या सुट्टीत येऊन विचारायला लागल्या, "आज किती आली गं ओल?"

पाटीवर यातलं काहीच लिहिलेलं नव्हतं. मला वाटायचं, शहरात नवे उद्योग उभे राहतात म्हणजे काचेच्या इमारती वगैरे लागत असतील. इथे माझ्या डोळ्यांदेखत जे उभं राहत होतं, त्यात नवं असं काहीच नव्हतं. सगळे लोक आधीपासून गावातच होते. फक्त त्यांच्याकडे असं काही मागायला कोणी गेलेलं नव्हतं.

सळई जमत आली आणि नेमका तेव्हाच पुण्याहून फोन आला. तिच्या जुन्या कंपनीला ती परत हवी होती, आणि तिच्या वरची जागाही देत होते. सोमवारपर्यंत सांगा, म्हणाले. इकडे शनिवारी आमच्याकडे पुण्याचेच एक गुंतवणूकदार साहेब येणार होते. लहान कंपन्यांत पैसे घालणारे. महिनाभर मी त्यांच्या मागे लागले होते. त्यांना शनिवारचीच वेळ होती, तीही सकाळची, कारण दुपारी नागपूरहून विमान.

ती माझ्यासमोर टेबलावर कोपर टेकून उभी राहिली. "मॅडम, शनिवारी जमलं तर राहते. नाही जमलं तर सोमवारी त्यांले हो म्हणून टाकते."

"आणि ही सळई?"

"माह्याशिवाय कायची सळई? तो जाईल पंप दुरुस्त करायले."

मी म्हटलं, पुण्यात एवढं वाईट होतं का?

"वाईट काहीच नव्हतं. मले कोणी एक शब्द वाकडा बोललं नाही. पण मी तिथं टेस्टिंग करत होती. दुसऱ्यानं बनवलेली वस्तू चालते का नाही, एवढंच पाहायचं." मग म्हणाली, "पण असं लटकून कितीक दिवस राहू? याडी रोज विचारते." याडी म्हणजे तिची आई.

मी शिक्षिका आहे, मला समंजस चेहरा करता येतो. तो मी केला. 'तुझ्या भल्याचा निर्णय घे' वगैरे म्हणाले. मनात मात्र मी सरळ देवाला म्हणत होते, की इतक्या वर्षांत इतकी पोरं नेलीस, ही एक राहू दे. तिच्या भल्यासाठी म्हणत होते की माझ्या, ते त्या वेळी बघितलं नाही.

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. आमच्या शनिवारचं पहिलं विघ्न म्हणजे सीतादही. कापसाच्या पहिल्या वेचणीआधी आमच्याकडे वावरात ही पूजा होते. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या झाडाच्या, बुडाशी पाच खडे मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा आणि तोच दहीभात झाडांवर शिंपडायचा, की दह्यासारखा पांढरा कापूस फुटू दे. भागीदाराच्या आईने त्यांच्या मोठ्या वावराच्या सीतादहीसाठी नेमका तोच शनिवार धरला होता. विहिरीजवळच्या ओलिताच्या तुकड्यातला कापूस आधीच वेचून वावरातल्या कोठ्यात गंजी लावून ठेवला होता, आणि सळई त्याच गंजीत खुपसून दाखवायची होती. "माय, दिवस बदल न," असं त्याने आईला म्हणून बघितलं. ती म्हणाली, "तुह्या साहेबाले सांग दिवस बदलाले." दोन्हीकडचे दिवस पक्के. मग मीच म्हटलं, होऊ द्या दोन्ही. साहेबांनाही जरा आपल्याकडचं बघायला मिळेल.

आणखी एका माणसाला मी बोलावलं होतं. यवतमाळचे एक जिनिंगमालक. कापसातून सरकी वेगळी करून गाठी बांधायचा त्यांचा कारखाना. त्यांची मुलगी माझी विद्यार्थिनी होती, त्या ओळखीवर. ते फोनवर म्हणाले, "मॅडम, असे मशीनवाले माझ्याकडे हर सीझनला येतात. पण तुम्ही म्हणता तर येतो, घंटाभर बसतो."

सकाळी आम्ही तिघं वावरात पोचलो. सळई कोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवली आणि पाहुण्यांना आणायला रस्त्यावर जाऊन उभे राहिलो, कारण मोबाइलवरचा नकाशा प्रत्येक गाडीला त्या वावराऐवजी नाल्यात नेतो. साहेबांची गाडी तशी गेलीच. तिला मागे घ्यायला लावून आणेपर्यंत बराच वेळ गेला. परतलो तेव्हा पूजा आटोपली होती. सळईच्या मुठीला हळदकुंकवाची बोटं लागलेली होती. साहेबांनी ते बघून मोबाइलवर फोटो काढला. मलाही ते फार गोड वाटलं.

मग मुलीने सळई उचलली, दोन वाक्यांत सगळं समजावून सांगितलं आणि गंजीत खुपसली. पडद्यावर लाल अक्षरं आली: ओला.

"इथे जरा दव धरलं असेल," भागीदार म्हणाला. तिने सळई काढून दुसरीकडे खुपसली. ओला. वरच्या बाजूला, जिथे कापूस हाताला कुरकुरीत लागत होता, तिथे खुपसली. ओला. भागीदार धावत जाऊन उन्हात पसरलेला कापूस ओंजळभर घेऊन आला, तो टोकाभोवती गुंडाळला. ओला! आदल्या दिवशी आमच्या हॉलमध्ये याच सळईने भट्टीच्या वजनाशी तंतोतंत जुळणारं उत्तर दिलं होतं. आता ती वेड लागल्यासारखी एकच शब्द बोलत होती. आज हे मी हसत लिहितेय. तेव्हा मी साहेबांना उगाच दोनदा पाणी विचारलं.

साहेब वाईट माणूस नव्हते. "डेमोच्या वेळी असं होतंच," म्हणाले. घड्याळ बघितलं. मग तिला बाजूला घेऊन, म्हणजे आम्हाला सगळ्यांना ऐकू येईल इतपतच बाजूला, म्हणाले, "खरं सांगू? तुम्ही हुशार आहात, पण इथे एकटीने करताय. पुण्याला या. इथे इकोसिस्टिम नाही."

ती म्हणाली, "हो सर."

भागीदाराच्या आईने साहेबांना जेवून जायचा फार आग्रह केला, पण विमान होतं. गाडी गेली. मी इतकी चिडले होते की कोणावर चिडावं तेच कळेना. साहेबांवर चिडले, नकाशावर चिडले, पितळेवर चिडले. उंटावरून शेळ्या हाकायला यांचं काय जातं, असं मोठ्याने म्हणालेही.

जिनिंगमालकही निघाले होते. चपला घालून झाल्या होत्या. पण आई त्यांच्या वाटेत उभी राहिली. "सीतादहीच्या दिवशी वावरातून कोणी उपाशी जात नाही, भाऊ. एक तं गेला तसाच. तुमी नाई जायचं." त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी खांदे उडवले. ते निमूटपणे निंबाखाली सतरंजीवर बसले.

मुलगी तिकडे धुऱ्याच्या बांधावर बसून सळईचं टोक उघडत होती. तिचा चेहरा मला आवडला नाही. रडवेला असता तर मी काही बोलले असते. तो निवांत होता, मनाने ठरवून मोकळं झालेल्या माणसासारखा. मी तिच्याजवळ जाऊन बसले. तिने टोकाचं कडं फिरवून काढलं, बोटाने आतून पुसलं, बोट नाकाशी नेलं आणि माझ्यापुढे धरलं.

आंबट वास आला. तिच्या बोटावर भाताचं एक शीत होतं.

"काकू," तिने हाक मारली, "याले काय लावलं होतं तुमी?"

आई हातातलं ताट घेऊन आली. "लावलं कुठी? हळदकुंकू लावलं न दहीभात ठेवला त्याच्या तोंडाशी. आमच्यात नवं हत्यार वावरात उतरलं का पहिला घास त्याले. मंग पदरानं पुसूनबी देल्लं बरोबर." मग आमचे चेहरे बघून तिचा आवाज बारीक झाला. "काहून वं? म्या तं त्याले जेवाले देल्लं."

पदराने पुसलं होतं ते वरून. दही कड्यांच्या मधल्या फटीत जाऊन बसलं होतं. मीठ घातलेलं, आंबट दही; त्याच्यातून वीज मजेत इकडून तिकडे जात होती, मग बाहेर कापूस असो की कोरडी वाळू, सळईला सगळं जग ओलंच दिसणार. माऊलीने तिच्या तोंडात घास घातला होता आणि सळई तोंडात घास ठेवून बोलत होती.

मग मुलगी हसायला लागली. आधी हळू, मग पोट धरून. भागीदाराला हसावं की आईवर ओरडावं, ते कळेना. आईच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा मुलीने उठून तिचा हात धरला. "काकू, तुमचं काही चुकलं नाही. याले तोंड मिटता येत नाही, हे आमचं चुकलं."

चुलीवरच्या गरम पाण्याने टोक धुतलं, पुसलं, उन्हात तापलेल्या पत्र्यावर वाळायला ठेवलं. तोवर आम्ही जेवलो. भाकरी, वांग्याची भाजी, दहीभात. जेवता जेवता जिनिंगमालकांना सगळी हकीकत सांगितली गेली. ते भाकरीचा तुकडा हातात धरून इतके हसले की त्यांना ठसका लागला.

जेवण झाल्यावर ते स्वतःच उठले. "द्या इकडं तुमचं हत्यार," म्हणाले. सळई घेतली, गंजीत खुपसली. पडदा म्हणाला: कोरडा. दुसरीकडे: कोरडा. ते गंजीभोवती फिरत राहिले, खुपसत राहिले. कोठ्याच्या मागच्या भिंतीजवळ, अगदी खाली, सळई पुन्हा म्हणाली: ओला.

मनात म्हटलं, झालं, राहिलंच कुठेतरी दही.

"तिथं ओला कसा राहीन?" आई म्हणाली. "सगळा एकाच दिवशी वाळवला."

जिनिंगमालकांनी बाही वर केली, खांद्यापर्यंत हात गंजीत घातला आणि मूठभर कापूस ओढून काढला. पिवळट, चिकटलेला. भागीदाराने धावत मागे जाऊन बघितलं. विहिरीवरून येणारा पाइप भिंतीमागे फुटला होता आणि पाणी हळूहळू भिंतीत मुरत होतं. आणखी आठवडाभर कोणाच्या लक्षात आलं नसतं आणि खालचा सगळा थर गेला असता.

"अगं माय," आई म्हणाली आणि सळईकडे अशा नजरेने बघितलं की मला भीती वाटली, आता ही पुन्हा दहीभात आणते की काय.

जिनिंगमालक हात झटकत म्हणाले, "मला चालते ही. माझ्या गेटवर लोक सकाळपासून भांडतात, ओला-कोरडा, ओला-कोरडा. माझा माणूस एक बोलतो, बंडीवाला दुसरं. दोघांच्या समोर हीच बोलू द्या. पण बेटा, टोकाला झाकण पाहिजे. दसऱ्याला माझ्याकडे वजनकाट्यावर नारळ फुटतो, मशीनवर गुलाल पडतो. तुझ्या मशीनला पूजा सोसता आली पाहिजे. झाकण लाव, गेटवर घेऊन ये, सीझनभर तिथंच चालव. चालली तर माझ्या दोन्ही जिनिंगला घेतो, दुसऱ्यांनापण सांगतो."

गुंतवणूकदार विमान पकडायला गेला होता आणि इथे आम्हाला गिऱ्हाईक मिळालं होतं. मी आनंदाने मुलीकडे बघितलं. ती टोक पुन्हा बसवत होती. "ठीक आहे सर, पाहते," एवढंच म्हणाली. 'पाहते' म्हणजे काय? राहून पाहते की जाऊन? परतीच्या वाटेवर ती गाडीत खिडकीला डोकं टेकवून झोपून गेली आणि मी काही विचारू शकले नाही.

रविवार माझा फार वाईट गेला. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, असं मीच मला दहा वेळा समजावलं. मुलाचा पुण्याहून फोन आला, त्याच्यावर उगाच डाफरले. तो म्हणाला, "आई, तुझं झालंय काय?" मी म्हटलं, दही झालंय. त्याला काही कळलं नाही.

सोमवारी मी तास संपवून केंद्राकडे गेले तेव्हा ती खिडकीशी उभी राहून फोनवर बोलत होती. मी दारातच थांबले आणि भिंतीवरचं वेळापत्रक, जे मीच बनवलेलं आहे, ते लक्षपूर्वक वाचायला लागले. तिचं बोलणं अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत, फार सौजन्याचं होतं. आभार मानले. संधीबद्दल पुन्हा आभार मानले. मग म्हणाली, "नाही सर, पगाराचा प्रश्न नाही. माझं इथे काम सुरू झालंय."

माझा जीव भांड्यात पडला. इतकी वर्षं पेढे घेऊन आलेल्या पोरांना मी 'शाब्बास, जा' म्हणत आले. 'नाही सर' मी पहिल्यांदा ऐकत होते.

तिने दुसरा फोन लावला. तो तांड्यावर होता, तिच्या बोलीत. त्यातला मला 'याडी' एवढाच शब्द समजला. पलीकडून खूप वेळ कोणीतरी बोलत राहिलं. मग ही हसली. म्हणजे तिकडेही फार बिनसलं नव्हतं.

ती बाहेर आली, मला बघून दचकली नाही. मी तिथेच असणार, हे तिला माहीतच असावं. म्हणाली, "मॅडम, एक काम होतं. या खोलीची किल्ली शिपायाकडं राहते. तो सहाले बंद करून जाते, रविवारी येतच नाही. मले एक किल्ली करून देता काय?"

इतके महिने ती तिथे बसत होती आणि शिपाई निघाला की निमूट पसारा आवरून उठत होती. कधी काही मागितलं नव्हतं. पाहुणी मागत नाही.

नियमात बसत नव्हतं. मी प्राचार्यांना विचारायलाही गेले नाही. शिपायाकडून किल्ली घेतली आणि तडक दत्त चौकातल्या किल्लीवाल्यापुढे जाऊन उभी राहिले. त्याने किल्ली उलटीपालटी करून बघितली.

"कुठलं कुलूप हाये बाई? घरचं?"

"कंपनीचं."

"पुण्याच्या का?"

"नाही हो," मी म्हटलं, "इथलीच आहे." आणि माझा आवाज असा काही भरून आला की त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं, मग बसायला स्टूल पुढे सरकवलं आणि कानस घासायला लागला.